मदत हवी आहे: डिझेल इंजिन बंद करून सोलर पंप घ्यायचाय

नमस्कार मंडळी, तासगाव तालुक्यात आमची ३ एकर द्राक्षबाग आहे, विहिरीवर लाइट कनेक्शन नाही म्हणून अजून डिझेल इंजिनच चालतंय. रोज साधारण ४ लिटर डिझेल जातं. १ लिटर जाळलं की जवळपास २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे आमच्या एकट्या विहिरीचाच दिवसाला १० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, हा हिशोब केल्यापासून मनातून जातच नाही, पोरं बागेतच खेळतात हो.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेतून किमतीच्या १० टक्के भरून ५ एचपीचा पंप बसतोय, अडीच ते ५ एकरापर्यंत तेवढाच मिळतो. पण विहीर ५५ फूट आणि वर चढावर ४०० फूट पाइपलाइन, त्यावर ड्रिपला प्रेशर येईल का? जुलै-ऑगस्टात ढगाळ असलं की काय करता? टाकी बांधून दुपारी भरून ठेवायची असं भाऊ म्हणतोय, कुणी केलंय का, किती लिटरची?

आणि ट्रॅक्टरच्या ब्लोअरला फवारणीत डिझेल कमी लागेल असं काही असेल तर तेही सांगा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी ठरवायचंय.