मदत हवी आहे: आपल्याच टेबलावरच्या तक्रारीचा निकाल कोणी द्यायचा?

आमच्या ब्रिज क्लबात दर गुरुवारी डुप्लिकेट (तेच वाटलेले पत्ते प्रत्येक टेबलावर खेळायचे), सहा-सात टेबलं. डायरेक्टर, म्हणजे पंच, मीच आणि खेळतोही मीच. दुसरं कोणी तयार होत नाही. परवा माझा भिडू तीन इस्पिक बोलला. विरुद्ध जोडीतल्या काकांनी पासचं (बोली नाही, असं सांगणारं) कार्ड अर्धं उपसलं, परत ठेवलं, मिनिटभराने पास केला. माझा पास. आणि त्यांच्या भिडू काकू जेमतेम सहा पॉइंटांवर, म्हणजे कमजोर पत्त्यांवर, चार बदाम बोलल्या, डाव केलासुद्धा! विचार करणं गुन्हा नाही, पण त्यावरून भिडूने बोली ठरवायची नाही, हा ब्रिजचा नियम १६ मी सांगितला. काकू चहा न घेताच गेल्या.

चारही हात (चौघांचे पत्ते) लिहून ठेवलेत, गुण अजून बदललेले नाहीत. काकूंचे पत्ते दाखवून 'तुम्ही काय बोलला असता?' विचारायचं, तर क्लबात सगळ्यांनी तो डाव खेळलाय. बाहेरच्या किती जणांना विचारू? आणि निकाल मी द्यायचा की त्यांनी?