लिहायची इलेक्ट्रॉनिक पाटी कोणती घ्यावी? (बजेट ८०० रुपये)

गुहागरकर: आमची घरगुती खानावळ आहे. पाहुणे सकाळी जेवण सांगतात, मी चिठ्ठीवर लिहितो, बायको ती स्वयंपाकघरात लावते. पावसाळ्यात कागद दमट होतो, पेन उठत नाही, उठलंच तर ओल्या हाताने फिसकटतं. बटण दाबलं की कोऱ्या होणाऱ्या पाट्या बघितल्या. ८०० च्या आत कोणती? हिशोब वहीतच राहील.

निवांत_पुणे: डोळे झाकून ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा टॅबलेट) घ्या. माझा १०.३ इंची आहे, भाच्याने अमेरिकेतून आणला. थेट कागदावर लिहिल्याचा भास, पानं साठतात, पीडीएफवर खुणा करता येतात. एकदाच काय ते पैसे जातात.

चाकरमानी_ठाणे: निवांतराव, ते ८०० म्हणतायत! तुमच्या कव्हरलाच जास्त पडले असतील. गुहागरकर, साडेआठ इंची एकरंगी एलसीडी घ्या. रंगीतच्या नादी लागू नका. रंग आपण निवडत नाही, पाटीवर जागेप्रमाणे ठरलेले पट्टे असतात.

आंबेवाली_देवगड: आमच्या शेडात पेट्या मोजायला हीच पाटी. लिहायला वीज लागतच नाही. दाब पडला की आतल्या द्रवस्फटिकांची मांडणी बदलते आणि रेघ दिसते. सेल खर्ची पडतो तो फक्त पुसताना, म्हणून लाइट गेली तरी लिहिणं अडत नाही. पेन हरवलं तर नख चालतं. मात्र तिला स्वतःचा उजेड नसतो, अंधाऱ्या कोपऱ्यात लावलीत तर वाचता येणार नाही. स्वस्तातल्या पाटीवर एकच ओळ पुसता येत नाही, गेलं की सगळं जातं. लॉकचं बटण असलेलीच बघा.

हर्णै_बंदर: लॉक असून उपयोग काय, लावायची आठवण राहिली पाहिजे. लिलावाचे भाव लिहून ठेवले होते, गडी पाटीवर टेकला, झालं. आता लिहिलं की आधी मोबाईलवर फोटो. शिवाय आपल्याकडची खारी हवा. सेलच्या पत्र्यावर थर चढतो, मग बटण दाबून पुसत नाही आणि माणूस उगाच नवे सेल आणत बसतो. पत्रा खोडरबराने घासून बघा आधी.

मालवणी_मामा: माझा ऐकशात तर दगडी पाटी घेवा. सेल नको, लॉक नको. आमी तेच्यारच शिकलो.

चाकरमानी_ठाणे: मामा, पावसाचं पाणी लागलं की ती आपोआप कोरी :)

लिहा_पुसा: मी ओल्या फडक्याने पुसायची वही आणि तिचं खास पेन घेतलं होतं. वही उन्हात गाडीत राहिली, अक्षरं गायब. ती शाई ६० अंशांच्या आसपास दिसेनाशी होते. कोणीतरी सांगितलं म्हणून फ्रीझरमध्ये बांगड्यांशेजारी ठेवली. अक्षरं पुसटशी परत आली, वासासकट. शेगडीजवळ असलं काही नकोच.

निवांत_पुणे: अवांतर: बांगडा फ्रीझरमध्ये? कोकणात राहून?

लिहा_पुसा: पावसाळ्यात मासेमारी बंद असते साहेब. पुण्यात बाराही महिने ताजा मिळतो वाटतं.

सुरंगी_कुडाळ: मासे राहू द्या. घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण स्क्रूचं आहे ना, ते बघा. नाण्यासारखा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी लगेच हॉस्पिटल.

चाकरमानी_ठाणे: +१. आणि साडेआठ इंची एकरंगीच.

गुहागरकर: सगळ्यांचे आभार. बारा इंची रंगीत मागवली, बजेटमध्ये बसली. बायको म्हणाली, पट्टे ठरलेले असतात ते बरंच की, एका पट्ट्यात शाकाहारी लिहीन, दुसऱ्यात मासे. झाकण स्क्रूचं आहे, लॉक आहे का ते पार्सल उघडल्यावर कळेल. मामा, दगडी पाटी कुठे मिळेल? मुलीला हवी आहे.

मालवणी_मामा: दगडी आता खय गावता? पत्र्याची नायतर प्लॅस्टिकची.