स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचे पिकअप बदलायचे आहेत. निवड कशी करावी?

प्रश्न : तिसरी_तार (पुणे)

नमस्कार. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीवर बनवलेली एक मध्यम किमतीची गिटार माझ्याकडे गेली नऊ वर्षे आहे. तिची मान माझ्या हाताला इतकी सरावाची झाली आहे की दुसरी गिटार घेण्याचा विचारही मनात येत नाही. परंतु तिच्या आवाजाविषयीच्या दोन तक्रारी आता सहन होईनाशा झाल्या आहेत. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जेथे गिटारच्या अंगावर टेकतात तेथील, पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणारा चुंबक व कॉइल यांचा भाग) अत्यंत कर्कश वाजतो, त्यामुळे आमच्या वाद्यवृंदात मी तो वापरणेच सोडून दिले आहे. शिवाय सतत एक गुणगुण येत राहते. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटल्यासारखा जाड करणारे उपकरण) चालू राहिला तर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात निवेदकाच्या बोलण्यामागे ती सभागृहभर ऐकू येते आणि मला फार ओशाळल्यासारखे होते.

मागच्या आठवड्यात पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसवलेले असतात ती तारांखालची पट्टी) उघडून पाहिले. प्रत्येक पिकअपमध्ये सहा लोखंडी खुंट्या आहेत आणि त्यांच्या खाली एक काळा सपाट चुंबक चिकटवलेला आहे. मल्टिमीटरवर ब्रिजचा पिकअप ५.९ किलोओहम दाखवतो. बारा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. एकट्या ब्रिजच्या जागी सिंगल कॉइलच्या (एकाच कॉइलच्या साध्या पिकअपच्या) आकाराचा हंबकर, म्हणजे गुणगुण रद्द करणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवावा, की तिन्ही पिकअप बदलावेत, हे मला ठरवता येत नाही. सिरॅमिक चुंबकापेक्षा अल्निको खरोखर चांगला असतो का, आणि जास्त किलोओहमचा पिकअप घेतला तर आवाज भरदार होईल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : आठ_हजार_वेढे (ठाणे)

आपण खरेदीपूर्वी पिकगार्ड उघडून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण किलोओहमच्या आकड्याने मी स्वतः दोनदा चुकीचे पिकअप विकत घेतले आहेत.

मल्टिमीटरवर दिसणारा आकडा हा केवळ तांब्याच्या तारेचा रोध असतो. ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. तेवढेच वेढे ४३ गेजच्या अधिक बारीक तारेचे दिले तर रोध वाढतो, पण पिकअप त्या प्रमाणात जोरकस होत नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो. थंडीच्या पहाटे ६ किलोओहम दाखवणारा पिकअप वीस अंश अधिक उष्ण दुपारी जवळजवळ ६.५ दाखवेल, आणि कानाला मात्र तो तोच वाटेल. म्हणून या आकड्यावरून एकाच बनावटीच्या, एकाच तारेच्या दोन पिकअपांची तुलना करावी, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

आवाजाचा पोत ठरवणारी खरी गोष्ट म्हणजे कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि त्याला जोडलेली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) यांच्यामुळे निर्माण होणारा अनुनादाचा उंचवटा, म्हणजे पिकअप ज्या कंप्रतेला सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती जागा. सर्वसाधारण स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री असतो. सहा मीटर केबलची धारिता सुमारे ६०० पिकोफॅरड धरली आणि कॉइलची स्वतःची १०० मिळवली, तर हा उंचवटा ३.९ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. तोच पिकअप तीन मीटरच्या केबलवर वाजवला, तर उंचवटा ५ किलोहर्ट्झच्या वर सरकतो. ८ हेन्रीचा जोरकस हंबकर मात्र त्याच सहा मीटरच्या केबलवर २.१ किलोहर्ट्झपाशी येतो. त्याचा आवाज जाड वाटतो, पण सतारीच्या जवारीसारखी जी झळाळी स्ट्रॅटच्या तारेत असते ती मावळते. आपल्याला ती झळाळी हवी आहे का, याचे उत्तर पैसे खर्च करण्याआधी स्वतःशी नक्की करावे.

आता कर्कशपणाकडे वळू. स्ट्रॅटच्या परंपरागत वायरिंगमध्ये दोन टोन नॉब असतात. एक मानेजवळच्या पिकअपसाठी आणि दुसरा मधल्यासाठी. ब्रिजच्या पिकअपला टोन नॉबच नसतो. स्विच ब्रिजवर ठेवून दोन्ही टोन नॉब शून्यापर्यंत फिरवून पाहावेत. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर आपल्या गिटारचीही गत तीच आहे असे समजावे. स्विचच्या टोन बाजूला ब्रिजची कडी (तार डागण्याचे टोक) सहसा रिकामी असते. शेजारच्या कडीपासून तिच्यापर्यंत दोन सेंटिमीटरच्या तारेचा तुकडा जोडून डाग दिला की खालचा टोन नॉब ब्रिजलाही लागू होतो. या कामाला दहा मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही.

पॉटवर (नॉबखालच्या बदलत्या रोधावर) छापलेला आकडाही वाचून पाहावा. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे पॉट वापरण्याची प्रथा आहे, कारण त्यांच्या भारामुळे तो अनुनादाचा उंचवटा थोडा दबतो. ५०० किलोओहमचे पॉट हंबकरसाठी असतात. स्वस्त गिटारमध्ये पुष्कळदा सरसकट ५०० चेच पॉट बसवलेले आढळतात, आणि तसे असेल तर नवीन पिकअपही कर्कशच वाजतील.

सिरॅमिक आणि अल्निको यांच्यात उच्च-नीच असा भेद मी करणार नाही. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोहमिश्रित धातू. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये खुंट्याच त्याच्या असतात. आपल्या पिकअपमध्ये खुंट्या लोखंडाच्या आहेत, आणि लोखंडामुळे इंडक्टन्स वाढतो व वरच्या पट्टीतील बारकावे किंचित बोथट होतात. फरक ऐकू येतो तो मुख्यतः या रचनेमुळे. सिरॅमिक चुंबकाचे उत्तम हंबकर कित्येक नामांकित वादक आवडीने वापरतात.

उत्तर २ : मडगावकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. लग्नसमारंभांत आणि फेस्तांत बँडबरोबर वाजवताना आलेला एक अनुभव त्यात जोडतो, कारण एकट्या ब्रिजच्या जागी हंबकर बसवण्याचा विचार मीही केला होता आणि तो अमलातही आणला होता.

दोन पात्यांचा, सिंगल कॉइलच्या आकाराचा एक जोरकस हंबकर मी बसवला. तो एकटा वाजवताना अप्रतिम वाटत होता. पण ब्रिजवरून मानेकडे स्विच केला की आवाज एकदम खाली जायचा आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा मित्र दर वेळी माझ्याकडे वळून पाहायचा. हंबकर खाली उतरवून आणि बाकीचे दोन वर उचलून मी समतोल साधण्याचा प्रयत्न केला. मात्र अल्निकोच्या खुंट्या तारेच्या फार जवळ गेल्या की चुंबक तारेला ओढतो. जाड तारेवर वरच्या पडद्यांत सूर डळमळू लागतो आणि गिटार कितीही जुळवली तरी बेसूर वाटते. शेवटचा पडदा दाबून धरल्यावर जाड तारेपासून खुंटीचे अंतर सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेपासून २ मिलिमीटर असावे, ही जुन्या पद्धतीच्या पिकअपसाठीची नेहमीची मापे आहेत. तेथून सुरुवात करून पुढे कानाने ठरवावे. आपल्या पिकअपची उंचीही आजच मोजून पाहावी.

आणखी मोठी अडचण कलेची, म्हणजे फेजची होती. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र वाजवले आणि त्यांची कला उलट असली, तर स्विचच्या दुसऱ्या स्थानावर (जेथे ब्रिजचा आणि मधला पिकअप एकत्र वाजतात) आवाज नाकातून आल्यासारखा, पोकळ आणि क्षीण होतो. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. चार तारांच्या हंबकरमध्ये रंगांचे अर्थही कंपनीगणिक बदलतात: सेमूर डंकनची काळी तार स्विचकडे जाते आणि लाल व पांढरी एकमेकींना जोडतात, तर डिमार्झिओची लाल तार स्विचकडे जाते आणि काळी व पांढरी एकमेकींना जोडतात. एकाचा तक्ता पाहून दुसऱ्याला डाग दिला, तर कित्येक तास वाया जातात.

डाग देण्यापूर्वी कला तपासण्याची एक सोपी रीत आहे. पिकअपच्या दोन तारा काट्याच्या जुन्या मल्टिमीटरला लावाव्यात, खुंट्यांवर पेचकस टेकवावा आणि झटकन उचलावा. काटा क्षणभर एका बाजूला हलतो. तिन्ही पिकअपांना काटा एकाच बाजूला हलेल अशा प्रकारे तारा निवडल्या, तर कला जुळते.

शेवटी मी तो हंबकर काढला आणि तिन्ही पिकअपांचा एकाच बनावटीचा संच बसवला. बँडमध्ये स्विच सतत फिरवावा लागणाऱ्या वादकाला मी संचच सुचवीन.

उत्तर ३ : सहावा_पडदा (नागपूर)

आपल्या दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे गुणगुणीकडे, थोडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. पिकअप बदलून जाणारा आवाज कोणता आणि न जाणारा कोणता, हे आधी वेगळे केले पाहिजे.

वाजवण्याच्या जागी उभे राहून, गिटार गळ्यात ठेवून हळूहळू स्वतःभोवती फिरावे. एका दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होत असेल, तर सिंगल कॉइल आपल्या ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे असे समजावे. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ही गुणगुण थांबत नाही. तिच्यावर दोन कॉइलचाच उपाय आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी याच त्रासावर हंबकर तयार केला. त्यांनी पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला आणि ते १९५९ मध्ये मिळाले. दोन कॉइलचे वेढे आणि चुंबकांचे ध्रुव दोन्ही उलट ठेवल्यामुळे तारेचा आवाज एकत्र येतो आणि बाहेरची गुणगुण परस्पर रद्द होते.

हीच युक्ती स्ट्रॅटमध्येही करता येते. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा असेल, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर, जेथे तो शेजारच्या एका पिकअपबरोबर वाजतो, गुणगुण मावळते. आपल्या गिटारमध्ये या दोन स्थानांवर ती कमी होते का, हे कळवावे. संच घेताना मधला पिकअप असा आहे ना, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

गुणगुणीखेरीज चरचरणारा, भणभणणारा आवाज येत असेल आणि तारांना हात लावताच तो कमी होत असेल, तर त्याचे कारण निराळे आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि काही एलईडी दिवे असा उपद्रव देतात, आणि तेथे पोकळीतील तांब्याची पट्टी उपयोगी पडते. माझी सर्वांत कळकळीची विनंती मात्र अर्थिंगविषयी आहे. जुन्या घरांत आणि तात्पुरत्या मंडपांत तीन पिनांच्या सॉकेटमधील वरचे मोठे छिद्र कित्येकदा नुसतेच असते, त्याच्यामागे तार नसते. तारांवर हात असताना माइकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या, तर वादन त्या क्षणी थांबवावे आणि वायरमनला बोलावून सॉकेटमधील फेज (वीज आणणारी तार) व अर्थ यांच्यामधील दाब मोजून घ्यावा. तो २३० व्होल्टच्या जवळपास असला पाहिजे. गुणगुण कमी होते म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ही गोष्ट कोणीही, कधीही करू नये. गिटारच्या तारा त्याच अर्थला जोडलेल्या असतात आणि वादकाचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : तिसरी_तार (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. गेल्या दोन रविवारी सांगितलेले सर्व क्रमाने करून पाहिले.

सरावाच्या खोलीत वायरमनला बोलावले. सॉकेटमागची अर्थची तार गंजून तुटली होती. ती नव्याने जोडल्यावर भणभण बरीच उतरली. माइकला मधूनमधून येणाऱ्या मुंग्याही त्याच दिवसापासून थांबल्या. त्यांच्याविषयी मी प्रश्नात लिहिलेही नव्हते, कारण तो माइकचा दोष आहे असे मी धरून चाललो होतो.

ब्रिजवर दोन्ही टोन नॉब निकामी होते, आणि तिन्ही पॉटवर ५०० चा शिक्का निघाला. २५० किलोओहमचे पॉट घालून आणि ब्रिजला खालचा टोन नॉब जोडून वाजवले. नॉब सातवर ठेवला की तो कर्कश पिकअप चक्क गाण्याला साथ देण्याजोगा झाला. जाड तारेखालची उंचीही केवळ १.५ मिलिमीटर होती, ती २.४ केली.

फिरून पाहण्याच्या चाचणीत खिडकीकडे तोंड केल्यावर गुणगुण जवळजवळ बंद होते. मात्र दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर ती तसूभरही कमी होत नाही, म्हणजे मधला पिकअप बाकीच्या दोघांसारखाच आहे. त्यामुळे हंबकरचा विचार सोडून अल्निको ५ च्या खुंट्यांचा, मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा असलेला संच मागवला आहे. आमच्या बहुतेक गाण्यांत मी चौथे स्थानच वापरतो, आणि निवेदकाच्या वेळी स्विच तेथे नेऊन ठेवता येईल.

एक शंका राहिली आहे. जुन्या पिकगार्डमधील छिद्रे नव्या पिकअपांच्या आवरणांना जुळतील ना, आणि ब्रिजवर तारांमधले अंतर माझ्या गिटारमध्ये पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत ५२.५ मिलिमीटर भरते, त्याला कोणत्या अंतराच्या खुंट्या योग्य ठरतील?

उत्तर ४ : आठ_हजार_वेढे (ठाणे)

स्ट्रॅट आकाराची आवरणे बहुधा जुळतात. तरी जुने आवरण काढून त्याची लांबी, रुंदी आणि स्क्रूंमधील अंतर कॅलिपरने मोजून विक्रेत्याला कळवावे. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये पहिल्या ते सहाव्या खुंटीचे अंतर सुमारे ५२ मिलिमीटर असते, ते आपल्या ब्रिजला योग्य आहे. मानेजवळ तारा अधिक जवळ आलेल्या असतात, तेथे खुंटी तारेच्या किंचित बाहेर दिसेल. त्याने आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. संच आल्यावर डाग देण्याआधी मडगावकरांची पेचकसाची चाचणी करावी. उलट ध्रुव आणि उलट वेढे दोन्ही असल्यामुळे मधल्या पिकअपचा काटाही बाकीच्या दोघांच्याच बाजूला हलायला हवा.