ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना शाळेची किंमत नसते का?

प्रश्न: बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिकवतो. दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा, पोरं ट्रॅक्टरवर गाठोड्यांसोबत चढतात ती थेट मार्च-एप्रिललाच दिसतात. बरेच जण म्हणतात यांच्यात शिक्षणाची कदरच नाही. पण गेल्या वर्षी निघायच्या दिवशी एक आई वर्गाच्या दारात येऊन म्हणाली, "गुरुजी, पोरीचं नाव कमी करू नका, आम्ही येतोच." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर १: माझे आईबाप कोयता होते सर. नवराबायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे दोघांच्या जिवावर घेतलेले, मग मला ठेवणार कुणाकडं? आजी होती तोवर गावात शिकलो, तिसरीत असताना ती गेली आणि मी उसाच्या फडात. धाकट्याला कडेवर घेऊन कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, थांबायचं नाहीतर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागायचं. आईनं माझी पाटी कोपीच्या मेढीला टांगून ठेवली होती. रात्री चुलीच्या उजेडात दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे वाच, त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, मी चुकलो तरी कळायचं नाही, पण दिवसभर मोळ्या वाहून आलेला माणूस झोप लागेपर्यंत ऐकत बसायचा. कदर नाही म्हणलं की लई राग येतो.

उत्तर २: वरच्याशी शंभर टक्के सहमत. मंगोलियात मेंढ्या-घोडे घेऊन फिरणारी कितीतरी कुटुंबं आहेत, तरी जवळपास सगळा देश साक्षर आहे, कारण तिथं तालुक्यासारख्या गावात शाळेला जोडून वसतिगृह असतं, आईबाप कुरणात आणि पोरं तिथं. आणि इतकं लांब कशाला, आपल्या पालघरकडच्या कोसबाडला वारली आदिवासी पोरं गुरं राखायला जातात म्हणून शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणायचे तिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक पोराला शिक्षणाचा हक्क दिलाय ना, मग पोरांना गावातच ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी उघडलं पाहिजे, पोरं गेल्यावर उघडून काय उपयोग.

प्रश्नकर्ता: दादांचं वाचून गलबलून आलं. त्या पोरीला शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड, दिलं होतं, ते पिशवीत तसंच परत आलं, तिकडच्या शाळेत मीच फोन करायला हवा होता. यंदा दसऱ्याच्या आधीच घरोघर फिरतो, कुणाची आजी घरी राहणारे आणि कुणाची नाही ते लिहून घेतो.