नागपूरच्या अंबाझरी तलावात स्वतःची नाव उतरवायला जागा हवी की नको?

काठावरचा:
नागपुरात बोटिंग म्हणजे तिकीट काढायचं, पायडल मारायचं आणि वेळ संपली की काठाला. ज्याची स्वतःची कायाक (एक-दोघांनी वल्हवायची अरुंद, हलकी नाव) आहे किंवा ज्याला वल्हवणं शिकायचंय, त्याला शहरातल्या शहरात नाव सोडायला धड जागा नाही. तलाव सगळ्यांचा, पण पाण्यापर्यंत वाट कोणालाच नाही. ती वाट अंबाझरीला व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

काँक्रीटचा उतार हवा, चार मीटर रुंद, ८ ला १ या प्रमाणात, म्हणजे ८ मीटर लांबीत १ मीटर खाली. याहून सपाट केला तर गाडीची मागची चाकं पाण्यात गेली तरी मागे जोडलेल्या ट्रेलरवरची नाव तरंगत नाही. ६ ला १ पेक्षा उभा केला तर ओल्या काँक्रीटवर गाडी घसरते. खरी मेख पातळीत आहे. ऑक्टोबर ते मे पाणी ३ मीटर उतरतं असं धरा. त्यातच २४ मीटर लांबी जाते, आणि उन्हाळ्यातल्या पातळीखाली आणखी १ मीटर खोल जायला ८ मीटर लागतात. एकूण ३२. पैसे वाचवायला नेमके हेच शेवटचे ८ मीटर कापले जातात आणि मे महिन्यात चाक टोकावरून गाळात पडतं. काँक्रीट ओलं असतानाच अडीच सेंमी खोल तिरप्या खाचा पाडाव्यात, म्हणजे शेवाळ धरलं तरी पाय रोवता येतो.

बांधावरून:
जागा कुठली, ते आधी सांगा. रस्त्यालगतची सोपी जागा म्हणजे बांध, आणि तिथे कुदळसुद्धा लागता कामा नये. मातीच्या बांधावर पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग असतं, ते लाटांपासून माती धरून ठेवतं. ते उकरून काँक्रीट बसवलं की पुढे माती खचते, काँक्रीट जागचं हलत नाही. मधल्या फटीत पाणी शिरतं आणि मातीचे कण घेऊन वाहू लागतं. वरून काही दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे सांडव्यावरून आलेलं पाणी नाग नदीकाठच्या अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं. त्या वस्त्यांच्या डोक्यावर हा प्रयोग नको. बांध सोडून, कडक मुरुमाच्या काठावर जागा दाखवा, मग माझी हरकत नाही.

वल्हे_नागपूर:
मुळात ट्रेलर काहून पाहिजे? हवेची कायाक १२ ते १८ किलोची, दोघांची कडक कायाक ३०-३५ किलोची. दोन माणसं हातात उचलून नेतात. काँक्रीटच नको. दीड मीटर रुंद मुरमाची पायवाट आणि टोकाला तरंगता धक्का पुरे. प्लास्टिकचे पोकळ ठोकळे जोडून तो होतो, चौरस मीटरला साधारण ३५० किलो भार घेतो. नेहमीचा ठोकळा ४० सेंमी उंच असतो. कायाकसाठी तो चुकीचा, कारण एवढ्या उंचीवरून खाली बसताना माणूस नावेसकट उलटतो. २५ सेंमीचे ठोकळे घ्यावेत.

चूक होते ती नांगरात. उन्हाळ्यात साखळी ताणून बांधतात, पावसाळ्यात पाणी चढतं आणि धक्क्याचा कोपरा पाण्याखाली ओढला जातो. भरलेल्या तलावाच्या खोलीला पुरून उरेल एवढी साखळी ठेवा, किंवा खांबाला कडी घाला म्हणजे धक्का वर-खाली सरकेल. काठाची फळी एका बाजूला बिजागरीवर, दुसऱ्या बाजूला चाकांवर.

नळ_आणि_नाला:
तुम्ही धक्का मोजताय, पाणी कोणी मोजणार? अंबाझरीत शेजारच्या वाडी शहराकडून सांडपाणी येतं, जलपर्णी त्याच्यावरच पोसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत उघड्यावर आंघोळीचं पाणी म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, एकूण कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत. शिकाऊ माणूस कायाकवरून पडतोच, म्हणजे पाणी आंघोळीच्या दर्जाचंच पाहिजे. पायाला जखम असली तर लेप्टोस्पायरोसिसचीही (उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाची) भीती. दर महिन्याची तपासणी फाटकावर लावा, आकडे चुकले की त्या दिवशी नावा बंद.

आणि जलपर्णीचा एक तुकडा नावेला चिकटून गोरेवाडा तलावात गेला तर? ते पिण्याचं पाणी आहे. बाहेर पडताना नाव धुवायची, पाणी उपसून टाकायचं, कोरडी करायची. त्यासाठी नळ आणि जाळीचा चौथरा पायवाटेच्या आधी बांधा.

काठावरचा:
ट्रेलरचा हट्ट सोडला. हाताने नेण्याच्या नावांनी सुरुवात होऊ द्या, बांधापासून दूर. तपासणीचा मुद्दाही मान्य, पण पाणी आधी स्वच्छ होऊ दे, मग वाट करू, हे मान्य नाही. काठावर माणसं रोज आली तरच पाण्याबद्दल कोणी विचारेल.

सुरक्षेत मात्र सूट नको. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण बुडाले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात जादा माणसं भरलेली बोट उलटली, १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. प्रत्येकाच्या अंगावर १०० न्यूटनचं (म्हणजे पाण्यात तेवढ्या बळाने वर उचलणारं) जॅकेट, बक्कल लावलेलं, आणि खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत सरकायला नको. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं दहा मिनिटांत उठतं आणि नाव पिचिंगवर आपटते. गडगडाट ऐकला की लाल झेंडा, सगळे काठावर. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक यंत्रणेकडे ठेवायची तरतूद आहे. नावेवर क्रमांक रंगवा.

धिवरपुरा:
सगळे बोलले, जाळ्यांबद्दल कोणीच नाही. मत्स्य संस्थेचं जाळं पाण्यात सरळ उभं असतं, वर फक्त तरंगी दिसतात. उभ्याने वल्हवायच्या फळीच्या खाली पातं असतं, ते अडकलं की माणूस पडतो आणि आमचं जाळं फाटतं. नुकसान कोण भरणार, हे आधी ठरवा. तरंगत्या खुणांनी नावांची हद्द आखा. बचावाची नाव ठेवणार असाल तर ती आमच्या माणसांना रोजावर द्या. डोंगा चालवणाऱ्याला या पाण्यात गाळ कुठे, बुंधे कुठे, ते पाठ आहे.

जाळी संध्याकाळी लागतात, सकाळी निघतात. सकाळी आठच्या आधी एकही नाव नको. एवढं कागदावर द्या, मग धक्क्याचं बोलू.