गुडघ्यातल्या पाण्यात जंतू नाहीत, मग सूज कशाची?

प्रश्न:
माझा मुलगा २४ वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वी ताप-जुलाबाने आडवा झाला, चार दिवसांत उठलाही. आता उजवा गुडघा टम्म सुजलाय, टाच टेकवली की कळ येते, डावा डोळा लाल आहे. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही. तरी डॉक्टर म्हणतात, हे जुलाबाच्या जंतूंमुळेच. आणि अँटिबायोटिक मात्र देत नाहीत. मला काही उमगत नाही.

उत्तर १:
ताई, अगदी हेच मी भोगलंय. याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे पोटातले जंतू किंवा लघवीच्या मार्गातला क्लॅमिडिया, यांच्या संसर्गानंतर साधारण १ ते ४ आठवड्यांनी सांधा धरतो. जंतूंवर चाल करून गेलेली प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते. पाण्यात वाढणारे जंतू नसतात, म्हणून कल्चर कोरं येतं. जुलाब थांबल्यावर अँटिबायोटिकने या सांध्याची सूज उतरत नाही. क्लॅमिडिया सापडला तरच कोर्स लागतो. बाकी उपचार सूज उतरवण्याचे.

टाचेचं दुखणं मला गुडघ्यापेक्षा जड गेलं. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला की खिळ्यावर उभं राहिल्यासारखं व्हायचं, भिंत धरून न्हाणीघर गाठायचो. बहुतेकांचं वर्षाच्या आत बरं होतं, मला सात महिने लागले. त्याला धीर द्या. आणि लाल डोळा नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा, त्यात दिरंगाई नको.

उत्तर २:
मी लॅबमध्ये सांध्याचं पाणी तपासते. निरोगी पाणी फिकट पिवळं, आरपार दिसणारं. सुईच्या टोकावरून थेंब सोडला की लांब तार धरतं. सूज आली की ते गढूळतं आणि तार तुटते. घनमिलिमीटरला ५०,००० च्या वर पांढऱ्या पेशी दिसल्या की सांध्यात खरंच जंतू शिरल्याचा दाट संशय येतो. असा सेप्टिक सांधा बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे होतो आणि काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. पेशी कमी असल्या तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही. म्हणून विचारते, पाणी काढण्याआधी त्याने एखादं अँटिबायोटिक घेतलं होतं का? घेतलं असेल तर जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं.

प्रश्नकर्ती:
घेतलं होतं! जुलाबाच्या उरलेल्या गोळ्या त्याने गुडघा सुजल्यावर दोन दिवस परस्पर खाल्ल्या. डॉक्टरांना हे ठाऊक नाही. आत्ताच फोन लावते.