गिझरभोवतीचा डोंगर आणि उचलता पूल

खोलीत मॉडेल रेल्वे (खेळण्यातल्या आगगाडीची मांडणी) बसवताना गॅस गिझर, वीजपॅनेल आणि सांडपाण्याचे झाकण आड येत असेल, तर काय करावे हा प्रश्न आहे. गॅस गिझर प्लायने बंदिस्त करून वर देखाव्याचा डोंगर उभारायची सूचना कृपया सोडून द्या. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वीजपॅनेलसमोरही ३ फूट कायम मोकळे हवेत, तिथे उचलता पूलसुद्धा (ये-जा करताना वर उचलता येणारा रुळांचा तुकडा) नको.

पूल गिझरसमोर चालेल. त्याच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंना रुळांखाली पितळी स्क्रू बसवा, रूळ त्यांवर सोल्डर करा आणि मगच बारीक करवतीने कापा. आधी कापलेत तर टोके जराशी सरकतात आणि डबे नेमके तिथेच घसरतात. पूल उचलताच अलीकडच्या-पलीकडच्या ३ फूट रुळांची वीज तुटेल असा मायक्रोस्विचही (हलक्या दाबाने चालणारा छोटा स्विच) लावा, नाहीतर इंजिन थेट फरशीवर! सांडपाण्याच्या झाकणासमोरची फळी काढता यावी म्हणून स्क्रूनेच बसवा, गोंद नको.